मार्गाचा प्रकार

तळावलीकर साहेबांनी फॉर्म हातात दिला,
शेवटचा रकाना मोकळा होता:
सोपा, मध्यम, कठीण.
एकावर खूण कर, म्हणाले,
सोमवारी फलक रंगायला जायचाय.

म्हणून आज पहिल्या फेरीने रायबंदरहून चोडणला,
सायकल खात्याची, घंटी नसलेली,
आणि वर मी, जिला सायकल येते
मागच्या डिसेंबरपासून.
चौतिसाव्या वर्षी, पंचायतीच्या मैदानात शिकले.
भाचा सीट धरून मागे धावायचा,
ओरडायचा, सोडलं नाही, सोडलं नाही,
तेव्हा त्यानं केव्हाच सोडलेलं असायचं.

फाटकातून आत शिरलं की रस्ता लाल,
चिऱ्यांच्या भुग्याचा, दाबून बसवलेला.
दोन्ही अंगांना खारफुटी, मध्ये बांध,
दोन सायकली जेमतेम
एकमेकींची चौकशी करून जातील एवढा.
चढ नाही. लिहिलं: चढ नाही.
उतारही नाही,
पण तो लिहायला रकाना नव्हता.

ओहोटी होती. चिखलातून मुळं वर आलेली,
अख्ख्या वर्गाच्या शिसपेन्सिली
कुणी उलट्या खोचून ठेवल्यासारखी.
त्यांच्यातून निवट्या उडत होत्या,
मासाच राहायचं की कसं
हे अजून न ठरवलेल्या.
एका खुंटावर खंड्या.
मी जवळ पोचेतो बसला, मग पुढच्या खुंटावर,
मग त्याच्याही पुढच्या.
पाऊण किलोमीटर त्यानं मला असं नेलं
आणि कंटाळून पाण्यावरून परत गेला.

सव्वा किलोमीटरला कुर्ल्या रस्ता ओलांडतात,
एक नांगी मोठी, एक नावापुरती.
थांबता येत नसेल त्यानं इथे येऊ नये.
मला थांबता येतं.
निघणं जमत नाही नीट:
उजवं पाऊल पेडलवर, डावं जमिनीवर,
मग ती एक घाबरी ढकल,
दर वेळी पहिल्यांदाच.

आणि मग मानस.
बांधाला दिलेलं लाकडी दार.
भरती त्याला लावते, ओहोटी उघडते,
माणसानं फक्त जाळं धरायचं.
वरून दोन फळ्या. कठडा नाही.
खाली पाणी खाजनातून नदीकडे
घाईत, कुणी हाक मारल्यासारखं.

मी ब्रेक दाबून उभी.
एकदा पुढे सरकले, एकदा मागे.
फळ्यांच्या पलीकडे जाळं सांधत बसलेला म्हातारा
मान वर न करता म्हणाला,
देंव गो बाय, हांगा सगळींच देंवतात.

उतरले. सायकल हाताशी धरून
आठ पावलांत पलीकडे.

त्याचं नाव मिंगेल. घरापासून मानशीपर्यंत
साडेतीनशे पावलं, म्हणाला, मोजलेली.
भरती जेव्हा सांगेल तेव्हा यायचं,
मग ती रात्री अडीचला सांगो.
डाव्या हाताचं करंगळीकडचं बोट नव्हतं.
दाराकडे हनुवटी करून
तो हसला, आणि मी विचारलं नाही.

विचारलं ते दुसरंच,
हा रस्ता सोपा म्हणू का?
त्यानं जाळं खाली ठेवलं, पाण्याकडे बघितलं
बराच वेळ, दुकानात भाव बघावा तसं.
आता सोपा, म्हणाला.
अकरानंतर परत विचार.
आणि पुनवेला विचारूच नको.

उरलेले चार किलोमीटर सरळ गेले.
एकदा तर दोन्ही डोळ्यांनी
मी चाक सोडून झाडांकडे बघितलं,
आणि पडले नाही.

परतीच्या फेरीत इंजिनाच्या थरथरीवर
फॉर्म गुडघ्यावर ठेवला.
खूण केली: सोपा.
शेऱ्यात लिहिलं: मानशीपाशी उतरावे.

साहेबांनी वाचलं, चष्मा कपाळावर ढकलला.
कारण?

त्याच ओळीत, जागा उरली होती तेवढ्यात,
बारीक अक्षरात लिहून दिलं:
सगळेच उतरतात.