टाकी अर्धीच भरायची

आयटीआयच्या वहीत देवढे सरांनी लिहून दिलेलं:
‘भार म्हणजे रचनेवर क्रिया करणारे बाह्य बल.’
खाली मी दोन रेघा मारल्या. एक वाकडी.
घरी वाचून दाखवलं तर बाप म्हणे,
“बल काहून वो? वजन म्हण ना.
पन्नास हजार लिटर, म्हणजे पन्नास टन.
गावचे सारे बैल चार खांबांवर चढवले समज,
अन् एकबी बैल खाली उतरत नाही, रात्रीबी.”

शालिक भोयर, नळयोजनेचा पंपवाला,
एकोणीस वर्षं. पगार तीन महिन्यांनी, तोही तुटक.
बेअरिंगच्या डबीवर पेचकसाचं टोक टेकवायचा
आणि मूठ कानाला.
गावाला ऐकू यायची नुसती घरघर,
त्याला कुठला छर्रा झिजला ते.
त्याच्या हाताखाली मोटर रडायची, खोकायची,
आणि एक फेज गेली की हंबरायची
वासरू मेलेल्या गायीसारखी.
तेव्हा तो अनवाणी पळायचा
स्टार्टरचं लाल बटण दाबायला.

माझ्या वहीत ‘टॉलरन्स’ होता, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात.
त्याच्याकडे होता ‘खेळ’.
“शाफ्टाले थोडा खेळ पाह्यजेच, माय.
लय घट्ट बसवलं तं तापते, अन् मंग धरते.”
हे तो माझ्या सोयरिकीच्या बैठकीतही बोलला.
पाहुण्यांना वाटलं, मोटरीचंच चाललंय.

मी एक ट्रान्झिस्टर आणला, एक रिले, स्टीलच्या तीन सळ्या.
टाकी भरली की पंप आपोआप बंद.
“एवढ्याश्या करंटनं एवढी मोटर?”
रिलेवर बोट ठेवून त्यानं तो दहादा चालू-बंद करून पाहिला.
“लहान पोट्टी रडली का सारं घर उठते, तसं हाये हे.”
मग गप्प. मला वाटलं, कौतुक.
नंतर कळलं, टिकटिक त्याला ऐकूच आली नव्हती,
बोटाला कळली होती.

दिवाळीनंतर तिसऱ्या खांबाला चीर दिसली,
वीतभर, कडेला गंजाचा तपकिरी ओघळ.
मी तिच्यावर आडवी काचेची पट्टी बसवली, दोन्ही टोकं सिमेंटात,
बाजूला तारीख.
खांब हलला तर काच आधी सांगते.
काचेला खेळ नसतो.
नवव्या दिवशी फुटली.
तीन अर्ज. उत्तर एक: ‘निरीक्षणाखाली’.
कुणाच्या, ते लिहिलं नव्हतं.

मग मीच वर चढले
आणि पंप बंद करणारी सळई दीड मीटर खाली सोडली.
आता पंचवीस टनांवर रिले पडतो.
नळाला पाणी अर्धा तास.
बेबी राऊतनं रिकामा गुंड माझ्यापुढं आदळला:
“शिकली म्हणून आमचं पानी अर्धं करतं काय वो?”
सरपंच म्हणाले, आजवर पडली का?
‘सुरक्षा गुणक’ मला व्याख्येसकट पाठ होता.
तोंडातून निघाला नाही.
ऐकू न येणारा माणूस मोठ्यानं बोलतो, तसा बाप बोलला:
“माह्या पोरीनं अर्धे बैल खाली उतरवले!
मी दोनदा भरून देतो! दिवसा एक, रात्री एक!”
बैलांचं कोणाला काही कळलं नाही.
दोनदा, एवढं कळलं. गुंड उचलला गेला.

तेव्हापासून रात्री थ्री फेज आली की तो उठतो.
पेचकसाची मूठ आता कानाला नाही,
दातांत धरतो.
“हाडातून येते आवाज,” म्हणतो,
आणि डोळे मिटून कितीतरी वेळ तसाच उभा.
मी तिसऱ्या खांबाशी. दुसरी काच, तारीख पौषातली,
धूळ बसलेली, अखंड.
“हालली का वो?” अंधारातून ओरडतो.
नाही, म्हणते मी. पोचत नाही.
म्हणून टॉर्च दोनदा लावते, विझवते.
एकदा लावायची रात्र
अजून आलेली नाही.