बावीस किलो सातशे

एकतीस वर्षं मी पाचवीला बेट शिकवलं :
चारही बाजूंनी पाण्याने वेढलेला जमिनीचा तुकडा.
निळा खडू संपला की लाल खडूने पाणी काढायचे,
आणि मागच्या बाकावरून हमखास आवाज यायचा,
मॅडम, हे तर तर्री-पोहे!

स्वतः एकही बेट पाहिलेलं नाही.
झीरो माइलच्या दगडापासून
कुठलाही समुद्र सारखाच लांब, असं सांगायचे.
खरं नाही ते. पण परीक्षेत कोण विचारतं?

आता ग्रॅच्युइटीचे पैसे आहेत, विजूवन्सं आहेत,
आणि टिकली आहे.
टिकलीला सोडून जायचं नाही, हे आधी ठरलं.
जायचं कुठे, ते नंतर.

चौकटीची दोनशेपानी वही उघडली.
लक्षद्वीप : कुत्र्यांना बंदी. खोडलं.
अंदमान : विमानाच्या पोटात, पिंजऱ्यात, बॅगांसोबत.
वन्संनी पेन माझ्या हातातून ओढून घेऊन खोडलं,
कागद फाटेपर्यंत.
मुरुडजवळचा पाणकिल्ला : बेट आहे, पण झोपायचं कुठे, तोफेत?
राहता राहिलं गोव्यातलं दिवाडी.
तिथल्या एक बाई घरातल्या दोन खोल्या भाड्याने देतात.
फोनवर त्यांनी विचारलं, कुत्रं केवढं आहे?
मी हाताने दाखवलं, एवढं.
वन्सं पलंगावर आडव्या होऊन हसल्या,
सहा महिन्यांत पहिल्यांदा.

आमच्याकडे कोंबड्या आहेत हं, बाई म्हणाल्या.
मी म्हटलं, हिला दात उरलेत चार,
आणि कोंबडी हिने रश्श्याबाहेर पाहिलेली नाही.

मग स्टेशन. पार्सल ऑफिस.
मृगबहाराच्या शेवटच्या पेट्या बाजूला सरकवत
निखाडेबाबूंनी टिकलीला काट्यावर उभं केलं.
तसं वजन लागत नाही, पण काटा रिकामाच होता.
बावीस किलो सातशे.
"वयाच्या मानानं भारी आहे जी."
"तुमचं किती?" वन्संनी विचारलं.

गाडीच्या शेवटी, गार्डजवळ, लोखंडी खुराडं.
पाणी आपणच उतरून पाजायचं.
वन्संनी लगेच वाटणी केली :
वर्धा तू, बडनेरा मी, अकोला तू,
भुसावळला दोघी, तिथे गाडी जास्त थांबते.
माझ्या गुडघ्यांना कुणी विचारलं नाही.

"हिचं होऊन जाते, मॅडम," निखाडेबाबू म्हणाले,
"तुमचं कन्फर्म आणा आधी."
आमचं वेटिंग. चौदा, पंधरा.

रविवारी सकाळी फुटाळ्यावर रंगीत तालीम.
ऑटोवाल्याने वीस रुपये जास्त घेतले, केसं पडते म्हणे.
टिकलीने पुढचा एक पाय पाण्यात घातला,
काढला, झटकला,
आणि पलीकडच्या काठावर भुंकत राहिली.
मला वाटलं, हिला सांगावं,
तिकडे पलीकडचा काठ नसतो गं.
मग भुंकशील कुणावर?

"दादा असता तर म्हणाला असता,"
वन्सं पाण्याकडे बघत बोलल्या,
"काहून बे, कुत्र्यापायी एवढा खर्च?"
मी काही म्हटलं नाही.
सायकलच्या टोपलीत पंचा अंथरून
हिला घरी आणणारा माणूस तोच.
अजून सहा-दहाला ती फाटकाशी जाऊन बसते,
सातला परत येते.

दुपारी यंदाचा कूलर पहिल्यांदा लावला.
टाकी खालून गळते, दरवर्षीसारखीच.
टिकली उठली, कंबर ओढत गेली
आणि गार फरशीवर पसरली.
पाणी आलं, शेपटीपाशी जरा थबकलं,
मग दोन्ही अंगांनी वळसा घालून
नाकापुढे एक झालं.

वन्सं पोछा घेऊन आल्या.
मी म्हटलं, थांबा.

मोबाइल उघडून पाहिला.
अकरा, बारा.