शून्य तारीख

रात्री दोन ते तीनच्या दरम्यान होस्टिंगवाल्यांनी डेटाबेस बदलला.
पाचाचा आठ झाला. फरक जाणवणार नाही, असं मेलमध्ये होतं.
सकाळी साप्ताहिकाच्या पानावर
जाहिरातींच्या जागी पांढरे चौकोन,
फोटो उतरवल्यावर भिंतीवर राहतात तसे.

इंगवले संपादकांचा फोन:
"सराफकट्ट्यातनं शिव्या यायला लागल्यात. बघ की जरा."
बघते.
लक्ष्मीपुरीत माडीवर बसते मी,
खाली धान्याच्या वखारीत पोती उतरतात,
की-बोर्डवर ज्वारीची धूळ.

जाहिराती फिरवणारं हे सॉफ्टवेअर फुकटचं.
शटर वर, दिवा चालू, गल्ल्यावर कोणी नाही.
आत जा, हवं ते घे,
मोडलं तर तूच बसून नीट कर.
नऊ वर्षांपूर्वी मीच घेऊन आले होते.

एका रकान्याचं नाव होतं रँक.
कालपर्यंत नुसतं नाव, आज राखीव शब्द.
गल्लीतल्या कुणाचं टोपणनाव
रातोरात सरकारी हुद्दा होऊन बसावं, तसं.
त्याला अवतरणात कोंबलं. गाडं दोन ओळी पुढं गेलं
आणि परत अडलं.

उद्यमनगरात लेथवर दादा म्हणायचे,
इंचाचा बोल्ट आणि मिलिमीटरचा नट,
दोन आटे गोडीनं आत जातात.
तिसऱ्याला ताकद लावू नको.
पाना ठेव, आणि कुणाचं काय चुकतंय ते बघ.
बहुतेक वेळा कुणाचंच चुकत नसतं.

मी पाना ठेवला.
चूक अशी: संपण्याची तारीख, शून्य शून्य शून्य शून्य,
शून्य शून्य, शून्य शून्य.
जुना डेटाबेस हे मुकाट गिळायचा.
नवा म्हणतो, असा दिवस नाही.
शून्य महिन्यात कुणी जन्मत नाही, कुणाचं काही संपत नाही.

अशी एकच जाहिरात.
जाहिरातदाराचं नाव नुसती प्रश्नचिन्हं,
मागं कधीतरी अक्षरसंच बदलताना मराठी गेली वाहून.
मोजली. दहा, मोकळी जागा, मग सात.
फोन नंबर तेवढा शाबूत, आकड्यांना काही होत नाही.

लावला.
"रिवाइंडिंग का? ते बंद झालं, ताई.
आब्बा जाऊन तीन वर्षं झाली. मी मोबाइलचे कव्हर विकतो."
आणि मग आठवलं.
पार्वती टॉकीजच्या मागची ती टपरी, तांब्याच्या तारेची वेटोळी,
हाताला वार्निशचा वास,
पाचशेच्या दोन नोटा माझ्या वहीत सारून ते म्हणालेले,
"चालू ठेव गं पोरी. बंद कवा करायची ते मी सांगतो."

सांगितलं नाही.

"बंद करू का?" मी विचारलं.
तिकडं कुणाला तरी सुट्टे पैसे देण्याचा आवाज.
"आठवड्याला एखादा फोन येतो अजून.
पंप जळलाय म्हणतात, कुतबुद्दीनभाई हैत का म्हणतात.
मी नाही म्हणून सांगतो.
...राहू द्या की."

कुतबुद्दीन शिकलगार.
कानामात्रा सुट्या धरून मोजलं. दहा, मोकळी जागा, सात.
प्रश्नचिन्हांवर एकेक अक्षर बसवलं, बरोब्बर बसली.

मग तारीख.
शून्य पुसलं. तिथं दुसरं काही लिहिलं नाही.
नव्या डेटाबेसला रिकामं चालतं.
रिकामं म्हणजे माहीत नाही,
आणि माहीत नाही हे त्याला
नसलेल्या दिवसापेक्षा खरं वाटतं.
यात तरी त्याचं आणि माझं जुळलं.

दुपारी चौकोन भरले. इंगवल्यांचा अंगठा आला.
सराफ, क्लासवाले, तिसऱ्या फेरीला पिवळ्यावर लाल:
मोटार, पंप, मिक्सर, सगळं रिवाइंड करून मिळेल.

हे मिळणार नाही, मला माहीत आहे.
पैसेही केव्हाच फिटलेत.
खाली हमालानं पोतं टाकलं,
की-बोर्डवर आणखी थोडी धूळ.