भोकाची फरशी

जालन्यात पोलादाच्या भट्ट्यांमागे
काळ्या खरडीचे ढीग पडून असतात,
कुणालाच नको असलेले.
सत्यभामा खरात ती खरड ट्रॉलीनं आणते,
चाळते, सिमेंटात कालवते, साच्यात ठोकते.
त्या फरशीत मुद्दाम भोकं ठेवते,
पाणी खाली जावं म्हणून.
गिऱ्हाईक म्हणतं, बाई, फुटकी कामून देता?

मी तिचा दुभाषी.
तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवलं,
इंग्रजीत कुणाशी बोललो मात्र नव्हतो.

बुधवारी रात्री साडेनऊला
लॅपटॉप सिमेंटच्या गोण्यांवर.
चौकटीत जर्मनीची क्लारा, हे सगळं जाळं सांभाळणारी,
कुमासीची अकोसुआ, जिच्यामागं सतत एक बकरी,
आणि कोचाबांबाचा रामिरो, त्याच्याकडं भर दुपार.

पहिला प्रश्न : तुमचा उद्योग शाश्वत आहे का?
शाश्वत म्हणजे काय, सर?
टिकणारं, मी म्हणालो.
काय टिकणारं? फरशी का धंदा?
मी क्लाराला सांगितलं, दोन्ही.
हे माझं पहिलं खोटं भाषांतर.

दुसरा : दहा वर्षांनी तुमचं शहर कसं असावं?
सत्यभामानं हातावरचं सिमेंट खरवडलं.
सांगा त्यांना, आमच्याकडं नळ बाराव्या दिवशी येतो.
आम्ही बारा दिवसांपुरतंच पुढचं बघतो.
तेरावा आम्ही वेगळ्या कामाला ठेवलाय.
इलियास साचा सोडून हसत सुटला.
तिकडं तिघंही माझ्या तोंडाकडं बघत राहिले,
आणि मी नुसतं म्हणालो, पाणी कमी आहे.

पैसे देतेत का हे, सर?
नाही. ओळखी करून देतात.
ओळखीवर उधारी मिळती, सिमेंट नाही.
हेही मी सांगितलं नाही.

मग रामिरोनं फरशी कॅमेऱ्याजवळ धरायला लावली.
त्याचं इंग्रजी माझ्याहून कच्चं,
म्हणून मला चटकन कळलं :
बारीक चाळ टाकून द्या,
धुळीनं भोकं बुजतात, आमची दोन वर्षांत बुजली.
त्यानं बुजलेली फरशी दाखवली.
इतक्या लांबून कुणी आपली चूक
दाखवायला आणतं,
हे मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.

पुढच्या बुधवारी नवी फरशी.
इलियासनं घरून बादली आणली, धुण्याचं पाणी.
ओतलं.
पाणी थांबलं,
थांबलं,
आणि गेलं.
कुमासीत टाळ्या. बकरीही ओरडली.
इकडं इलियासची आई दारातून :
मातीत घालवलंस? भांडी व्हायची होती माझी!

अकोसुआला साचा हवा होता.
कुरिअरवाल्यानं सतरा हजार सांगितले.
मग सत्यभामानं जुना पेपर अंथरला
आणि खडूनं ठिपके काढत गेली, सात ते चार,
दिवाळीत अंगणात काढावेत तसे.
सात ते चार मला इंग्रजीत येईना.
फोटो काढला, पाठवला.

तीन महिन्यांनी कुमासीहून फोटो आला :
लाल मातीचं अंगण, त्यात हीच फरशी,
रांगच्या रांग,
आणि प्रत्येकीत उजवीकडचं एक भोक गायब.
सत्यभामानं डोळे बारीक केले.
जुना पेपर शोधून काढला. तिथं घडी पडली होती,
ठिपका घडीत गेला होता.
कळवतो, मी म्हणालो.
राहू द्या, सर.
त्यांची फरशी त्यांना ओळखू येईल.

पालिकेनं आपल्या गल्लीत चाळीस फूट घातलीय.
बिल अडकलंय.
जालना सोने का पालना, असं म्हणत
साहेब दर सोमवारी नवा कागद मागतात,
आणि त्यासाठी दुभाषी लागत नाही,
तरी मी सोबत जातो.