दीडशेव्या मीटरवर

टेपचं दुसरं टोक माझ्या हातात होतं,
म्हणून मला ठाऊक आहे, नक्की काय झालं.

एस्टोनियाच्या किनाऱ्यावरचं आमचं गाव,
माणसं नऊशे, कुत्री धरली तर थोडी जास्त.
शाळेने ठरवलं, सूर्यमाला उभारायची, खऱ्या मापाची.
एक मीटर म्हणजे दहा लाख किलोमीटर.
चौकात सूर्य. एंदेलने पत्रा जोडून केलेला,
माझ्या खांद्यापर्यंत, पिवळा रंग अजून ओला.

पृथ्वी माझ्या दारात हवी, म्हणाली माइमू बेकरीवाली.
नगरपालिकेसमोर, म्हणाल्या महापौर उर्वे.
पाद्रीबाबांचं म्हणणं,
इतकी शतकं ती मधोमध होती,
निदान चौकात तरी ठेवा, एका कडेला.
शाळेच्या भिंतीवरच्या चित्रात
ग्रह शेजारी शेजारी, पंगतीला बसल्यासारखे.
आम्हाला वाटलं, चौकातच उरकेल सगळं
जेवणाच्या आत.

टेपला कुणाची ओळख नव्हती.
अठ्ठावन्नवर बुध, टपालपेटीपाशी.
एकशे आठवर शुक्र, नेमका माइमूच्या दारात
(ती दिवसभर कुणाशी बोलली नाही).
आणि दीडशेवर
लेइदाच्या लाँड्रीची मागची भिंत,
जिथे साबणाचं कोमट पाणी गटारात पडतं.
तिथे खांब. खांबावर गोळी,
जुन्या ट्रॅक्टरच्या बेअरिंगमधली, वाटाण्याहून जराशी थोर.
हातभर अंतरावर चंद्र, मिऱ्याहून बारीक.
टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

"हिवाळ्यात खांब लांब न्यावा लागेल," लेइदा म्हणाली,
"उणे वीस होतं, म्हणजे आपण सूर्यापासून दूर जात असणार."
मास्तरीणबाई म्हणाल्या, उलट.
जानेवारीत आपण जुलैपेक्षा पाच मीटर जवळ असतो.
थंडी अंतराची नाही, कलण्याची.
लेइदाने एप्रनला हात पुसले.
"जवळ असून गारठा? मला नका सांगू.
तीस वर्षं संसार केलाय."

गुरू तबेल्यापाशी. शनी दफनभूमीच्या फाटकावर.
नेपच्यून साडेचार किलोमीटरवर,
जिथे रस्ता संपून लव्हाळी सुरू होतात.
टेप गुंडाळता गुंडाळता मी विचारलं,
आणि यानंतरचा तारा?

चाळीस हजार किलोमीटर.

म्हणजे नाकासमोर चालत सुटायचं,
समुद्र, डोंगर, खरीखुरी अख्खी पृथ्वी,
आणि पोचायचं कुठे, तर याच चौकात,
याच ओल्या पिवळ्या सूर्याच्या पाठीमागे.
काखेत कळसा आणि गावाला वळसा,
फक्त काखेत काही नाही.

"तो फेरा मी मारलाय," एंदेल म्हणाला.
सोव्हिएत काळात, मासेमारी जहाजावर आचारी.
दोन वर्षं बटाटे सोलत.
वाटेत काय दिसलं?
"पाणी."
आणि?
"रात्री, काळं पाणी."
मग तो ब्रश धुवायला गेला.

फेब्रुवारीत कुणीतरी गोळी पळवली.
गलोलीसाठी असेल.
एकोणीस दिवस पृथ्वी नव्हती.
पाव भाजले गेले, रविवारी घंटा वाजली,
महापौरांनी रस्त्यावर मीठ टाकवलं.
चंद्र आपल्या जागी, हातभर अंतरावर,
बर्फाची टोपी घालून.

विसाव्या दिवशी लेइदा मागे बादली ओतायला गेली
आणि तिथूनच ओरडली,
"अहो, कुणीतरी या इकडे!
आपण कुठे गेलो?"