शिडी सध्या कुणाकडे आहे?

मानपत्र लिहायला मला सांगितलंय,
अक्षर बरं आहे म्हणून.
'आदरणीय' लिहून झालं.
'समाजभूषण' लिहून खोडलं.
निवृत्ती शेडगे बघताना भूषण वगैरे वाटत नाहीत.
खाकी हाफ पँट, कानावर पेन्सिल,
आणि पाठीला तो बाक,
तीस वर्षं वाशीच्या मार्केटात
कांद्याच्या गोणी वाहिल्याचा.

नाव निवृत्ती,
आणि निवृत्त झाल्यावरच कामाला लागलो,
हा विनोद ते स्वतःच करतात, दर भेटीत,
आणि हसतातही आधी स्वतःच.

फंडाचे पैसे आले. गावी, पाटणला, स्लॅब पडला.
उरलेल्यातून त्यांनी शिडी घेतली,
ॲल्युमिनियमची, चौदा पायऱ्यांची.
काकू आठवडाभर बोलल्या नाहीत.

कोपरखैरण्याच्या आमच्या गल्लीत तेव्हा
कुणाचं कुणाशी वाकडं होतं असं नाही,
फक्त कुणाला कुणाचं नाव माहीत नव्हतं.
अकरा वर्षं मी समोरच्यांना मनातल्या मनात
'निळी ॲक्टिव्हा' म्हणायचो.

ट्यूब गेली म्हणून शिडी मागायला गेलो.
"न्या की. नियम तेवढं ऐका.
एकट्यानं उचलायची न्हाय.
चढताना खाली कुणीतरी धरल्याली पायजे.
आन् काम झालं की माझ्याकडं आणायची न्हाय.
ज्याला लागंल त्याच्या दारात तुमीच पोचवायची."
"कुणाला लागेल ते मला कसं कळणार?"
"इचारा की."

इचारा की.
एवढंच.

निळ्या ॲक्टिव्हाचं दार वाजवलं.
आतून परवीन मोमीन आल्या, बोटात अंगुस्तान तसंच.
त्यांनी शिडी धरली, मी ट्यूब बसवली.
मग मी धरली, त्यांनी माळ्यावरून
सासूबाईंचं शिलाई मशीन उतरवलं.
तिथून शिडी नाडरच्या दुकानाची पाटी लावायला,
तिथून म्हात्रे आजींच्या शेवग्याला.
त्या आठवड्यात गल्लीभर शेवगा शिजला:
नाडरकडे सांबारात,
आजींकडे सोड्यांत,
आमच्याकडे पिठल्यात, आणि करपला.

भगत आणि बिश्त.
गटाराच्या पाण्यावरून चार वर्षांचा अबोला.
शिडी भगतांकडे, हवी बिश्तांना.
दोन दिवस ती जिन्यात उभी राहिली,
तिसऱ्या रात्री कुणी बघत नाही असं बघून
दोन टोकं धरून दोघे निघाले.
(मी बघत होतो.)
पाण्याच्या टाकीपाशी वळणावर शिडी अडकली.
भगत खाकरले. मग म्हणाले,
"डावीकडे घ्या."
चार वर्षांनंतरचं पहिलं वाक्य.

काकांना एकदा विचारलं,
हे सगळं होणार, तुम्हाला आधीच ठाऊक होतं ना?
"न्हाय वो. गुडघं गेल्यात.
परत आणल्याली शिडी आत घ्यायला उठायचं कुणी?"
मी मान डोलावली. पटलं नाही.
गोण पाठीवर घ्यायची तर
ती उचलून द्यायला दुसरा माणूस लागतो,
हे ज्याच्या पाठीलाच माहीत आहे
त्याला नियम सुचायला वेळ लागत नसावा.

उद्या सत्कार. शाल, नारळ, आमचे नगरसेवक आलेच तर तेही.
खाली आत्ता बॅनर लावतायत.
छापणाऱ्यानं 'निवृत्ती'तला एक त खाल्लाय.
बिश्तांचा मुलगा वर चढलाय सुतळी घेऊन,
आणि शिडीचा पाय धरून
स्वतःच्याच नावाखाली
उभे आहेत शेडगे काका,
बॅनरकडे एकदाही न बघता,
पोराच्या टाचांकडे बघत.

त्यांनी माझी खिडकी पाहिली.
"मास्तर, लिवताय काय एवढं?
या खाली. दुसरी बाजू हालतीया."

कागदावर अजून 'आदरणीय' एवढंच आहे.
चपला कुठे गेल्या?