दवाचा बर्फ

रात्री दोनला साक्री सोडली.
मागच्या सीटवर उल्हाससाहेब, मांडीवर थर्मास.
खरं नाव ओलुफ, डेन्मार्कचा माणूस,
पण पवनचक्क्यांच्या पठारावर
पहिल्याच दिवशी एका मेंढपाळानं त्याचा उल्हास केला
आणि दोन वर्षं झाली, त्यानं ते दुरुस्त केलं नाही.

मला कानटोपी, मफलर, वर घोंगडी.
तो हाफ शर्टात, काच पूर्ण खाली.
"दगा," म्हणाला, मोडक्या मराठीत,
"इथे थंडी लागते. पण दिसत नाही."
मी हो म्हणालो.
भाड्याच्या गाडीत निम्मं बोलणं असंच असतं.

मीच कबूल करून बसलो होतो,
तोरणमाळला, सीताखाईच्या अंगाला, दव गोठतं.
गेल्या साली गोठलं नव्हतं
हे सांगितलं नव्हतं.

प्रकाशाला तापीवर एवढं धुकं
की पूल आलेला टायरांनी सांगितला.
शहाद्याला केळीचा ट्रक भरत होता,
हमाल घडांशी बोलल्यासारखे पुटपुटत होते.
म्हसावद गेलं, राणीपूर गेलं,
मग दुसरा गिअर, पहिला गिअर,
आणि सागाची वाळकी पानं दिव्यात एकेक उठून बसणारी.

वर पोचलो तेव्हा तलावातून नुसती वाफ.
गवत ओलं. फक्त ओलं.
साहेब वाकून बघे, पुढे जाई, परत वाकून बघे,
हरवलेली किल्ली शोधावी तसा.
मी बोनेटवर हात शेकत
डिझेलचा हिशोब करत राहिलो.

गेंदीबाईनं काळा चहा दिला.
म्हणाली, झाडाखाली काय बघता, उघड्यावर बघा,
माझ्या पेंढ्यांवर बघा.
आणि होतं.
मीठ सांडल्यासारखं, काडी न् काडी वेगळी,
बादलीतल्या पाण्यावर तर साय धरलेली.

तो गुडघ्यावर बसला.
मोबाइल काढला नाही.
नखानं थोडं खरवडलं, जिभेवर ठेवलं
आणि एकच शब्द बोलला, "रीम."
मी म्हणालो, आमच्याकडे रीम कागदाची असते, पाचशे पानांची.
त्यानं जरा विचार केला.
"तेही पांढरंच," म्हणाला.

मागून गेंदीबाई बोलत होती,
हे बघायला एवढ्या लांबून येता?
यानं माझी तूर करपवली,
पोरांच्या टाचा फोडल्या.
तिच्याकडे बघून साहेब हसला, मान डोलावली.
"काय म्हणते?"
"चहा अजून घ्या म्हणते," मी म्हणालो.
दुसरा कप त्यानं घेतला. पैसे मीच जरा जास्त दिले.

माझा भाऊ भिकन मस्कतला असतो.
दर शुक्रवारी कोणाकोणाबरोबर डोंगरावर जातो, फोटो टाकतो.
झाड नाही, झुडूप नाही,
आपला सातपुडा कोणी सोलून वाळत घातलेला.
त्याच्यापुढे हा, उसनं जाकीट घालून, दात दाखवत.
खाली लिहितो, "आठे बी ठंडी शे."
मला वाटायचं, मिरवतोय.
मी अंगठा दाखवून मोकळा व्हायचो.

साडेसातला ऊन आलं.
एका बाजूनं पेंढ्या काळ्या पडत गेल्या,
कोणी ओल्या फडक्यानं पाटी पुसावी तशा.
थर्मासच्या झाकणात त्यानं मूठभर भरून घेतलं होतं.
घाटाच्या तिसऱ्या वळणावर त्याचं पाणी झालं.
अर्धं तो प्याला, अर्धं पुढे केलं.
चव चहाची, स्टीलची, थोडी गवताची.

मग त्यानं काच वर घेतली, पहिल्यांदाच,
आणि डोकं टेकून झोपला.

राणीपूरला रेंज आली.
गाडी बाजूला घेतली, भिकनचा जुना फोटो काढला,
बोटांनी मोठा केला.
जाकिटाच्या बाह्या आखूड होत्या.
मनगटं उघडी.
एवढे दिवस मी डोंगरच बघत होतो.

"तठे दव गोठतं का रे?" लिहिलं.
दोन निळ्या खुणा आल्या.
मागे साहेब झोपेत काहीतरी बोलला,
त्याच्या भाषेत, लांबलचक.
मी हो म्हणालो.
गाडी सुरू केली.